‘आपलेंच समज’ म्हणण्यापूर्वीं

हल्लीं कारखान्यांतून व कचेऱ्यांतून एक रीत पडूं लागली आहे. नोकरवर्गास एकत्र बसवून एखादा स्फूर्तिदायक चित्रपट दाखवावयाचा आणि शेवटीं सांगावयाचें कीं, “हें काम आपलेंच आहे असें समजून करा.” छत्रपती संभाजीनगराभोवतालच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत आमच्या शेतकरी बंधूंचीं मुलें कामास जातात, त्यांच्या तोंडून हा उपदेश आमच्याही कानीं आला आहे. उपदेश वाईट नाहीं. परंतु तो करणाऱ्यानें आधीं स्वतःस एक प्रश्न विचारावा. ज्यानें काम आपलें समजावयाचें, त्याला त्यांत आपलें म्हणण्याजोगें आपण काय दिलें आहे?

हा प्रश्न कारखानदारांपुरता आहे असें मानून शेतकऱ्यानें स्वस्थ राहूं नये. पाडव्यास सालगडी ठेवतांना आपणही हेंच बोलतों: “बाबा, शेत आपलेंच समज.” मग वर्षभर तक्रार करतों कीं, पाणी फुटून गेलें तरी गडी उठत नाहीं, बैलास वेळेवर वैरण पडत नाहीं, फवारणी अर्धवट राहते. कापसाची पट्टी आली म्हणजे मात्र शेत कोणाचें हें त्यास नीट उमगतें. आणि जें त्यास आश्विनांत उमगतें, तें तो पुढल्या ज्येष्ठांत विसरत नाहीं.

या विषयावर चित्रपटच पाहावयाचा असेल तर आम्ही 1976 सालचा ‘मंथन’ सुचवूं. तो हिंदी आहे व दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचें. परंतु पटकथेंत आपल्या विजय तेंडुलकरांचा हात आहे आणि म्हैस पाळून पोट भरणाऱ्या बिंदूची भूमिका आपल्या स्मिता पाटील यांनीं केली आहे. विशेष हें कीं, त्याचें भांडवल कोणा शेठजीनें घातलें नाहीं. गुजरातेंतील सहकारी दूध संस्थांच्या 5 लक्ष सभासदांनीं प्रत्येकीं 2 रुपये दिले आणि त्या 10 लक्ष रुपयांतून चित्रपट तयार झाला. तो लागला तेव्हां खेड्यापाड्यांतील माणसें गाड्या भरभरून तो पाहावयास गेलीं. आपण ज्याचे मालक आहोंत तें काम कसें उतरलें आहे, हें पाहण्यास त्यांना आग्रह करावा लागला नाहीं. 2024 सालीं त्याची नव्यानें दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आली.

या 2 रुपयांमागें 30 वर्षांची पुण्याई होती. 1946 सालीं खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं दूध देण्याचें बंद केलें आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारपणाखालीं स्वतःचा संघ काढला. 1949 सालीं आणंदास आलेले वर्गीज कुरियन पुढें त्याचे व्यवस्थापक झाले. त्या पद्धतींतील गोष्टी साध्या आहेत. दुधाचें माप व त्यांतील स्निग्धांश पाहून त्याप्रमाणें दाम. वर्षाअखेर घातलेल्या दुधाच्या प्रमाणांत नफ्याचा वांटा. आणि म्हैस एक असो वा दहा असोत, सभासदास मत एकच. माप, वांटा आणि मत हीं तीन हातीं आलीं म्हणजे मालकीची जाणीव आपोआप येते. तीं नसतील तर व्याख्यानानें ती येत नाहीं.

चित्रपटाची कथा हेंच सांगते. डॉक्टर राव नांवाचे सरकारी अधिकारी गांवांत दूध सोसायटी काढावयास येतात. मिश्रा नांवाचा खाजगी डेअरीवाला गोरगरिबांचें दूध पडत्या भावानें घेत असतो. त्याचा विरोध आपण समजूं शकतों. परंतु आमच्या वाचकांनीं लक्ष द्यावें तें सरपंचाकडे. सोसायटी आपल्या मुठींत राहील असें वाटतें तोंपर्यंत तो सोसायटीचा हितचिंतक असतो. निवडणुकींत दलित वस्तीचा उमेदवार निवडून येतांच तो बिथरतो व मिश्राच्या पंक्तीस जाऊन बसतो. हा सरपंच परका नाहीं. तो आपल्यापैकींच एक जमीनधारक आहे. शेवटीं राव यांची बदली होते. साहेब गेले म्हणजे सोसायटी मोडावयाची, असें सर्वांस वाटतें. पण प्रारंभीं ज्याचा सर्वांत कडवा अविश्वास होता तो भोला चार माणसें गोळा करून ती पुढें चालवितो. कारण एव्हांना ती साहेबांची उरलेली नसते.

कोणी म्हणतील, “पावसाचा नेम नाहीं, भावाचा भरवसा नाहीं, आम्हांसच कांहीं उरत नाहीं, तेथें गड्यास वांटा कोठून देणार?” ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती हलकी लेखीत नाहीं. तुटींत गड्यास ओढावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्याचें ठरलेलें साल त्यास मिळालेंच पाहिजे. परंतु अमुक क्विंटलच्या वर जें पिकेल त्याचा अमुक हिस्सा तुझा, असें आधींच ठरवून कागदावर लिहावयास काय हरकत आहे? जें त्याच्या राखणीमुळें अधिक आलें, त्यांतूनच तें द्यावयाचें आहे. मात्र माल मोजतांना त्यास तराजूपाशीं उभें करावें.

याच मापानें आपण स्वतःसही मोजावें. आपल्या कपाटांत सहकारी संस्थांचे भाग-दाखले आहेत. वार्षिक सभेची नोटीस येते; आपण जात नाहीं, हिशेब वाचीत नाहीं, आणि पुढें ‘चेअरमनांची संस्था’ असें म्हणूं लागतों. मराठवाड्यांत सहकारी साखर कारखाने बंद पडले, तेव्हां प्रत्येकास हजारों मालक होते. मालकी कागदावर असून कामांत नसली म्हणजे काय होतें, याचा याहून बोलका दाखला शोधावयास नको. सालगड्यास काम असून मालकी नाहीं. आपणांस मालकी असून काम नको. दोहोंचें फळ एकच, कीं राखण कोणीच करीत नाहीं.

म्हणून आमची सूचना दोन कामांची आहे. येत्या पाडव्यास गडी ठेवतांना ‘आपलेंच समज’ हे शब्द वांट्याचा कागद पुढें ठेवूनच बोलावे. आणि सोसायटीच्या पुढील सभेस वेळेवर जाऊन, हिशेबाचें एक तरी पान उघडून, त्यांतील एक तरी आंकडा विचारावा.