काचपेटीची वाळू : एक दुर्लक्षित निविष्ठा

शोभिवंत मत्स्यपालनाविषयी बोलताना आपण जाती, प्रजनन, खाद्य आणि बाजारपेठ यांची सविस्तर चर्चा करतो. काचपेटीच्या तळाशी पसरायच्या वाळूचा विषय मात्र दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. नव्या काचपेटीतील मासे पहिल्या पंधरवड्यात दगावले, तर ग्राहक दोष वाळूला देत नाही, मासे विकणाऱ्याला देतो. म्हणून वाळू ही उत्पादकाचीच निविष्ठा मानावी, असे माझे मत आहे.

चेन्नईतील अंबत्तूरलगतच्या ओरगडमचे उदाहरण घेऊ. शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले कोळत्तूर तेथून फार दूर नाही. मासे, पाणवनस्पती, पंप सारे हाताशी असते. परंतु वाळू म्हटली की स्वस्तात समोर येते ती बांधकामाची, आणि किनाऱ्यावरच्या शहरात फुकटची म्हणजे समुद्राची. हाच मोह कोकणातही होतो.

किनाऱ्याच्या वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट असते. ते हळूहळू विरघळून पाण्याचे काठिण्य आणि सामू वाढवते. गप्पी व मोलीला असे पाणी मानवते, निऑन टेट्राला नाही. शिवाय किनारी नियमन क्षेत्रात वाळूउपशावर निर्बंध आहेत, हे विस्तार कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगायला हवे. दख्खनच्या नद्यांची वाळूही डोळे झाकून घेण्याजोगी नसते. तिच्यात चुनखडीचे खडे मिसळलेले असू शकतात. दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूत दगडाची भुकटी फार असते आणि कणांच्या कडा धारदार असतात. तळ उकरून खाणाऱ्या माशांच्या मिशांना त्या इजा करू शकतात.

परीक्षा सोपी आहे. जमिनीतील मुक्त चुना ओळखण्यासाठी मातीवर सौम्य आम्ल टाकतात, हे आपल्या वाचकांना नवे नाही. तीच युक्ती येथे चालते. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर चुना आहे. व्हिनेगर सौम्य असल्याने बुडबुडे बारीक असतात, ते नीट निरखावेत. शंका राहिल्यास दोन बरण्यांत एकच पाणी घेऊन एकीत वाळू घालावी आणि आठवड्याने दोहोंचा सामू व काठिण्य ताडून पाहावे.

धुण्यात आळस नको. वाळू चाळून, बादलीत थोडी थोडी घेऊन, हाताने ढवळत पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. साबण मुळीच वापरू नये. 60 सें.मी. लांब व 30 सें.मी. रुंद टाकीत 4 सें.मी. थर द्यायचा तर सुमारे 7 लिटर, म्हणजे अंदाजे 11 किलो कोरडी वाळू लागते. बारीक वाळूचा फार जाड थर देऊ नये. खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही, आणि थर उकरताच सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. टाकी भरताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाणी सोडावे, म्हणजे थर विस्कटत नाही.

इतके करूनही धुतलेली वाळू स्वच्छ असते, जिवंत नसते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यावर वसायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यातील मरतुकीचे एक मोठे कारण हेच आहे, आणि येथेच शेतकऱ्याला दुकानदारापेक्षा अधिक काही देता येते. ज्या टाकीतून मासे विकले, त्याच निरोगी टाकीतील मूठ-दोन मूठ वाळू ओलसर ठेवून सोबत द्यावी. मासे त्याच टाकीतले असल्याने तिच्यामुळे वेगळा रोग येण्याची भीती जवळजवळ नसते. नव्या वाळूवर ती पसरली की जिवाणूंची वसाहत लवकर उभी राहते. तरीही सुरुवातीला दोन-चारच मासे सोडावेत. ग्राहक पहिल्याच दिवशी डझनभर मासे मागत असेल, तर उरलेले महिन्याभराने नेण्यास त्याला सांगावे आणि तोवर ते आपल्याच टाकीत राखून ठेवावेत.