प्लगवरचा नंबर वाचता आला पाहिजे



या सदरात आपण शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी, रेशनकार्ड, प्रॉव्हिडंट फंड असे विषय घेत असतो. या वेळी विषय आहे जुन्या मालगाडीच्या इंजिनाला नवे स्पार्क प्लग निवडण्याचा. कौटुंबिक पानावर प्लग कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण आपल्या सातपूर, अंबड, नाशिकरोडच्या वस्त्यांत ज्या घरासमोर एखादा जुना टेम्पो उभा आहे, त्या घरची चूल, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता त्याच टेम्पोवर चालतो. गाडी चार दिवस गॅरेजला पडली की पहिली काटकसर दुधात होते. तेव्हा विषय घरचाच आहे.

कंपनीतले कंत्राटी काम सुटले की आपला तरुण महात्मा फुले महामंडळाचे बीजभांडवल, आईच्या बचत गटाचे कर्ज, मेहुण्याकडची उसनवारी असे करून दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी घेतो. ती बहुधा जुनी ओम्नी असते (ही गाडी २०१९ साली बंद झाली, पण रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत), नाहीतर पेट्रोल-सीएनजीवरची सुपर कॅरी. सहा महिन्यांत गाडी मिसिंग मारू लागते, चढाला दम तोडते, ॲव्हरेज पडते. गॅरेजवाला सांगतो, प्लग बदल. मुलगा दुकानात जातो, दुकानदार एक डबी पुढे करतो आणि म्हणतो, "सगळ्यांना हाच बसतो, चालून जाईल." आमचे भांडण या "चालून जाईल" शी आहे.

आधी एक खुलासा. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा येतो आणि तो आपोआप पेट घेतो. असे नोझल बनवण्यात आपल्या सातपूरच्या मायकोचा हात देशात कोणी धरला नाही. आपल्यातले कित्येक बाप-भाऊ त्या कारखान्यातून निवृत्त झाले. २००८ साली कंपनीचे नाव बॉश झाले, पण त्र्यंबक रोडवरचे सर्कल आजही मायको सर्कलच आहे. जुन्या मॅटाडोरला जो प्लग असतो तो हिटर प्लग. थंडीत इंजिन सुरू होण्यापुरते त्याचे काम, त्याची ठिणगी पडत नाही. एकेकाळी मात्र ट्रकसुद्धा पेट्रोलवर धावत. १९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली. त्याआधी मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्या डॉज, फारगो, शेव्हरोले लॉऱ्या बहुतेक पेट्रोलच्या, आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या खिशात प्लगपाना असायचाच. आज सीएनजीमुळे तो दिवस लहान मालगाड्यांपुरता परत आला आहे, कारण सीएनजीलाही ठिणगी लागते.

आता मुद्दा. प्लग हातात घेतला की त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर काही अक्षरे आणि एक आकडा छापलेला दिसतो. ती अक्षरे म्हणजे प्लगची जन्मपत्रिका, फक्त ही खरी असते. एनजीके कंपनीचा बीपी६ईएस हा प्लग घ्या. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. पी म्हणजे टोक थोडे पुढे आलेले. ६ हा उष्णतेचा आकडा. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. याच मापाचा बॉशचा प्लग डब्ल्यू७डीसी, आणि चॅम्पियनचा एन९वायसी. तीन कंपन्या, ६, ७ आणि ९ असे तीन आकडे, आणि प्लग जवळपास एकच.

इथेच माणूस फसतो. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियनचा आकडा वाढला की प्लग गरम होत जातो. म्हणजे जुना प्लग एनजीकेचा ६ नंबर होता म्हणून दुकानातून बॉशचा ६ नंबर उचलला, तर आकडा जुळला आणि प्लग चुकला. दुकानदाराने मुद्दाम फसवले असे नाही, त्यालाही हे ठाऊक नसते. तुलनेचा तक्ता प्रत्येक कंपनी छापते. तो मागून घ्यावा. तोही न मिळाल्यास गाडीच्या पुस्तकातला नंबर घेऊन जावे, आणि पुस्तक हरवले असेल तर त्याच मॉडेलच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नंबर विचारून यावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

थंड प्लग, गरम प्लग म्हणजे काय? ठिणगी थंड किंवा गरम नसते. प्लगच्या टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडकडे किती लवकर निघून जाते, एवढाच त्याचा अर्थ. टोकाजवळची चिनी माती आत लांबवर उघडी असेल तर उष्णता हळू जाते, तो गरम प्लग. आखूड असेल तर लवकर जाते, तो थंड प्लग. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापले पाहिजे, म्हणजे त्याच्यावर बसलेली काजळी जळून ते आपले आपण साफ होते. आणि ते ८५० अंशांच्या आसपास पोचता कामा नये, नाहीतर ठिणगी पडायच्या आधीच टोकाच्या निखाऱ्याने पेट्रोल पेटते, पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर घाव बसतो. अशाने पिस्टनला भोक पडलेले इंजिन कोणत्याही जाणत्या मेकॅनिकने पाहिलेले असते.

हे दोन टोकांचे त्रास आपल्या जीवनात कुठे येतात ते पाहा. १४ एप्रिलला मोठ्या राजवाड्यापासून शालिमारकडे जयंतीची मिरवणूक निघते. रथाची गाडी पेट्रोलची असेल तर ती चार-पाच तास माणसाच्या पावलाने चालते, मधूनमधून जागेवर थांबून घुरघुरते. टोक तापतच नाही, प्लगवर काजळी चढते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारते. तेव्हा घाईने गरम प्लग बसवू नये. गाडी हायवेवर नेऊन पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी, कोरडी काजळी बहुतेक वेळा जळून जाते.

उलट बाजू ६ डिसेंबरची. चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावून, उरलेले गठ्ठे, तंबू, भांडी भरून टेम्पो परत येतो तो कसारा घाट चढून. तिथे इंजिन पूर्ण ताकदीने तापते. नेमक्या त्याच चढाला चुकीचा गरम प्लग घात करतो. ज्यांची गाडी रोज भाजी घेऊन मुंबईला जाते आणि भरूनच परत येते, त्यांनी पुस्तकात परवानगी असेल तर एक पायरी थंड प्लग वापरून पाहावा. दोन पायऱ्या कधीच नाही.

आट्यांच्या लांबीबद्दल थोडक्यात. १९ मिलिमीटरच्या जागी साडेबारा मिलिमीटरचा प्लग बसतो, घट्टही होतो, म्हणूनच फसगत होते. पण ठिणगी आत खोल भोकात पडते, जळण अर्धवट होते आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत काजळी भरते. मग पुढे योग्य प्लग घालायला गेले की आटे जातात. आखूड जागी लांब प्लग लावला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला ठोकू शकतो. नवा आणि जुना प्लग शेजारी-शेजारी धरून पाहायला एक क्षण लागतो.

गॅपचेही तसेच. सीबी पॉइंटच्या जुन्या गाड्यांना साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ०.८ ते १.१. पुष्कळ मेकॅनिक हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घालून गॅप बघतात. पॉइंटच्या गाडीला ते एक वेळ ठीक, पण फिलर गेज दोनशे रुपयांच्या आत मिळतो, एकदा घ्यावा. सीएनजीला ठिणगी पडायला जास्त दाबाची वीज लागते, म्हणून तिथे गॅप पेट्रोलपेक्षा थोडा कमी ठेवतात आणि प्लगही लवकर झिजतो.

जुना प्लग फेकू नका, वाचा. टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखे तपकिरी असेल तर प्लग बरोबर आहे. कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, एअर फिल्टर तुंबला आहे किंवा प्लग जास्त थंड आहे. ओले, तेलकट काळे असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेली आहेत. अशा वेळी नवा प्लग म्हणजे गळक्या घरात नवी चटई. पांढरे पडून त्यावर बारीक फोड असतील तर प्लग जास्त गरम, टायमिंग पुढे किंवा पेट्रोल कमी. सीएनजीवर टोक एरवीही फिकट दिसते, तिथे रंगावरून लगेच निष्कर्ष काढू नये. आणखी एक नवी गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनाला ते आपोआप जास्त घेता येत नाही, मिश्रण पातळ होते आणि टोक पांढरट दिसू लागते. तिथे आधी कार्बोरेटर लावून घ्यावा, प्लगचा नंबर मग बघावा.

गॅरेजमध्ये आपली मुले हेल्पर म्हणून लागतात आणि पाच-पाच वर्षे पाने उचलून देतात. उस्ताद नंबरचा अर्थ सांगत नाही, मुलगा विचारत नाही. भगवंतांनी कालामांना सांगितले होते की, कोणी वडीलधारा म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. उस्तादाचा मान ठेवावा, पण प्लग स्वतः उघडून पाहावा. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे, दहावीनंतर दोन वर्षांचा. ज्या मुलाला यंत्राची आवड आहे त्याला तिथे पाठवा.

प्लग बदलताना इंजिन थंड असावे, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढताना आटे निघून येतात. खड्ड्यातली माती आधी फुंकून काढावी. वायरींवर खुणा कराव्यात. नवा प्लग प्रथम हातानेच शेवटपर्यंत फिरवावा, आणि तो टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच आवळावा. तोच प्लग परत बसवायचा असेल तर नुसता किंचित.

शेवटी बिलाचे. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांचे नकली प्लग आहेत. छपाई पुसट, आटे खरबरीत, भाव संशयास्पद कमी. साधे चार प्लग पाच-सहाशे रुपयांत येतात, त्यात शंभर वाचवायला गेले आणि इंजिनाचे काम निघाले तर वीस-पंचवीस हजारांना हात लावावा लागतो. पक्के बिल घ्या, त्यावर प्लगचा पूर्ण नंबर लिहून घ्या. "धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागत नाही" असे कोणी सांगितले तर ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. एकाच टेम्पोवर जगणारा ड्रायव्हर-मालक ग्राहकच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. बिल नसेल तर मात्र बोलायला जागा उरत नाही.

भगिनींना एक विनंती. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर, गॅप आणि दुकानाचे नाव एवढे लिहून ठेवा, बिल तिथेच टाचणीने लावा. साधा प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटर चालतो. घरधनी विसरेल, वही विसरत नाही.

पुढील अंकात जुन्या टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्याबद्दल. ज्यांच्याकडे मुदत संपलेली पॉलिसी आहे त्यांनी ती जपून ठेवावी.