बंद झालेले दार आणि वाट पाहणारी घरे
विशेष प्रतिनिधी

चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी ५ सप्टेंबर २०२४ रोजी नित्याच्या पत्रकार परिषदेत एक घोषणा केली. चीन यापुढे आपली मुले परदेशी दांपत्यांना दत्तक देणार नाही, असे त्यांनी सांगितले. रक्ताच्या नात्यातील, तीन पिढ्यांच्या आतील मूल किंवा सावत्र अपत्य दत्तक घेणाऱ्यांचा तेवढा अपवाद ठेवण्यात आला. घोषणा काही वाक्यांची होती. मात्र त्या वाक्यांनी १९९२ पासून सुरू असलेली आणि दीड लाखांहून अधिक मुलांना देशाबाहेर नेणारी एक व्यवस्था संपुष्टात आली. एकट्या अमेरिकेने १९९९ ते २०२३ या काळात चीनमधून ८२ हजारांहून अधिक मुले दत्तक घेतली आहेत.

या निर्णयाचा सर्वांत मोठा आघात झाला तो अमेरिकेतील सुमारे तीनशे कुटुंबांवर. करोनाची साथ येण्यापूर्वीच त्यांना मूल 'नेमून' दिले गेले होते. मुलाचे छायाचित्र, वैद्यकीय अहवाल, आवडत्या खेळण्याची नोंद असे सगळे त्यांच्या हाती आले होते. अनेकांनी खोली रंगवून ठेवली होती, मुलाला नावही दिले होते. २०२० मध्ये विमाने थांबली आणि पुढची चार वर्षे ही कुटुंबे केवळ 'प्रक्रिया प्रलंबित आहे' एवढेच उत्तर ऐकत राहिली. यातील बरीच मुले हृदयविकार, दुभंगलेला ओठ, डाऊन सिंड्रोम अशा कारणांनी देशांतर्गत पालक न मिळालेली होती. आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांपैकी कितीतरी घरे श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांची होती. हा योगायोग नाही. आंतरदेशीय दत्तकाचा आधुनिक इतिहास आणि अमेरिकेतील प्रोटेस्टंट चर्च यांचे नाते सत्तर वर्षांचे आहे. ते समजून घेतल्याखेरीज आज एकामागून एक दारे का बंद होत आहेत, याचा उलगडा होत नाही.

या नात्याचा आरंभ ओरेगॉन राज्यातील क्रेसवेल या लहानशा गावात झाला. हॅरी होल्ट हे तेथील शेतकरी आणि लाकूड व्यापारी. कोरियन युद्धानंतर मागे राहिलेल्या, अमेरिकी सैनिक पिता आणि कोरियन माता यांच्या मुलांविषयीचा 'वर्ल्ड व्हिजन' या संस्थेचा माहितीपट त्यांनी आणि पत्नी बर्था यांनी पाहिला. पदरी सहा अपत्ये असताना आणखी आठ मुले घरी आणण्याचा निश्चय या दांपत्याने केला. तत्कालीन कायद्यात दोनच मुलांची मुभा होती. तेव्हा या एका कुटुंबासाठी अमेरिकी काँग्रेसने १९५५ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आठही मुले ओरेगॉनला पोहोचली. वृत्तपत्रांनी ही कथा उचलून धरली, पत्रांचा पाऊस पडला आणि होल्ट यांनी संस्था उभारली. आपल्याकडे येणारे पालक 'श्रद्धावान' ख्रिस्ती असावेत, हा त्यांचा आग्रह होता. समाजसेवेचे प्रशिक्षण घेतलेल्या मंडळींना ही निवडीची रीत तेव्हाही खटकत होती.

ख्रिस्ती कुटुंबाला दत्तकाची ओढ का वाटते, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित चटकन उमगणार नाही. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवांची काळजी घेणे हे खऱ्या धर्माचे लक्षण मानले आहे. पौलाच्या पत्रांत तर देव आणि माणूस यांचे नातेच दत्तकाच्या रूपकातून मांडलेले आहे. देवाने आपल्याला पदरात घेतले, तसे आपण एखाद्या मुलाला घ्यावे, अशी ही साखळी. २००४ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिश्चन अलायन्स फॉर ऑर्फन्स या महासंघाने नोव्हेंबरातील एक रविवार 'अनाथांचा रविवार' म्हणून रुजवला. २००९ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघाने दत्तकाला प्रोत्साहन देणारा ठराव केला. रशियातून दोन मुलगे दत्तक घेतलेले धर्मशास्त्रज्ञ रसेल मूर यांचे या विषयावरील पुस्तकही त्याच वर्षीचे. मूल नसलेल्यांनीच मूल घ्यावे, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत तेथे लागू पडत नाही. तीन-चार अपत्यांचे आईबापही अर्ज करतात.

अर्ज करणे म्हणजे काय, तेही पाहू. आधी समाजसेविका घरी येऊन उत्पन्न, आरोग्य, पती-पत्नींचे संबंध, शेजार यांचा अहवाल तयार करते. पाळकाचे शिफारसपत्र, बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला, प्रत्येक कागदावर शिक्के. मग ते बाड परदेशी पाठवायचे आणि थांबायचे. खर्च तीस ते पन्नास हजार डॉलरच्या घरात जातो. २०२५ या वर्षासाठी सरकारने कमाल १७,२८० डॉलरची करसवलत ठेवली होती, पण ती पैसा खर्च झाल्यानंतर पदरात पडते. मध्यमवर्गीय कुटुंब एवढी रक्कम आणते कोठून? येथे मंडळी धावून येते. जुन्या सामानाची विक्री, केकचे स्टॉल, छापील टी-शर्ट, चर्चमधील झोळी. गायक स्टीव्हन कर्टिस चॅपमन यांनी चीनमधून तीन मुली दत्तक घेतल्या आणि इतर कुटुंबांना मदत करणारी 'शो होप' ही संस्था काढली. एका मुलासाठी सारे गाव राबते, हे दृश्य हृद्य आहे यात शंका नाही.

प्रश्न सुरू होतो तो ही रक्कम दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर. ज्या देशात वर्षभर राबून काहीशे डॉलर मिळतात, तेथे एका मुलामागे हजारो डॉलरचे 'देणगी शुल्क' येऊ लागले की मुलाला पालक शोधण्याची प्रक्रिया उलटी फिरते आणि पालकांसाठी मुले शोधली जाऊ लागतात. चीनच्या हुनान प्रांतातील हेंगयांग येथे २००५ मध्ये नेमके हेच उघडकीस आले. अनाथालये दलालांकडून अर्भके विकत घेत होती आणि 'दाराशी सापडलेले मूल' अशी नोंद करीत होती. पुढच्या वर्षी त्यात शिक्षाही झाल्या. ग्वाटेमालातील खासगी वकिलांनी चालवलेला दत्तकाचा धंदा २००८ च्या सुमारास थांबवावा लागला.

व्यासपीठावरून सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांचाही यात वाटा आहे. जगात चौदा कोटी अनाथ आहेत, असे अनेक प्रवचनांत ऐकू येते. युनिसेफचा हा २०१५ चा आकडा खरा आहे, पण त्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक गमावलेले मूलही 'अनाथ' ठरते. दोघेही गमावलेली मुले त्यात सुमारे दीड कोटी होती आणि त्यांतीलही बहुतेक आजी-आजोबा वा नातलगांकडे वाढतात. श्रोत्याच्या डोळ्यांसमोर मात्र चौदा कोटी रिकामे पाळणे उभे राहतात. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतील दहा बॅप्टिस्ट कार्यकर्ते ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. त्या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील हयात असल्याचे निष्पन्न झाले. हेतू चांगला होता, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि ते खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. अडचण तीच आहे.

इथिओपियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१० मध्ये तेथून अडीच हजारांच्या आसपास मुले अमेरिकेत गेली. अनेक आईवडिलांची समजूत अशी की मूल शिकायला चालले आहे. ते मोठे होईल, पत्र लिहील, परत येईल. मूल दुसऱ्या घरी वाढवायला पाठवणे तेथील समाजाला परिचित होते, पण जन्मदात्यांचे नाते कायद्याने कायमचे पुसणारे दत्तक ही कल्पनाच परकी होती. अंगठा उठवताना त्यांना कशावर उठवतो आहोत हे कळले होते का, हा प्रश्न पुढे फार उशिरा विचारला गेला. इथिओपियातून आलेली एक मुलगी २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यात दत्तक घरातील छळाने मरण पावली आणि त्या कट्टर धार्मिक दांपत्याला २०१३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. जानेवारी २०१८ मध्ये इथिओपियाने परदेशी दत्तकावर बंदी घातली. रशियाने २०१२ च्या अखेरीस अमेरिकी पालकांसाठी दार लावले. त्यामागे अमेरिकेच्या निर्बंधांना उत्तर देण्याचे राजकारण अधिक होते, हेही नमूद करायला हवे.

येथे भाषेतील एक बारकावा सहज आठवतो. आपल्या 'दत्तक' या शब्दाचा धातू देण्याचा आहे. दत्त म्हणजे दिलेला. शब्दातच देणारा उभा आहे. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात मात्र निवडणे आहे, म्हणजे तेथे घेणारा मध्यभागी येतो. आपल्या जुन्या दत्तविधानात वंश, पिंड आणि इस्टेटीचाच विचार मोठा होता, मुलाचे हित क्वचितच कोणी पाहिले. तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण देणारी आई त्या विधीत समोर असे. आंतरदेशीय दत्तकाच्या कागदांतून नाहीशी झाली ती नेमकी तीच.

कोरियात हे नाहीसे होणे सरकारी शिक्क्यानिशी झाले. तेथील सत्य व समेट आयोगाने २६ मार्च २०२५ रोजी ३६७ तक्रारींपैकी ५६ प्रकरणांत मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे मान्य केले. आईवडील हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद, मृत मुलाच्या कागदांवर दुसऱ्याच मुलाची रवानगी, पालकांच्या संमतीचा अभाव अशी ती जंत्री आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी माफी मागितली आणि मुलांच्या संरक्षणासाठीचा १९९३ चा हेग करार त्याच महिन्यापासून कोरियात लागू झाला. होल्ट यांची आठ मुले आली त्याला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.

भारताचा या कथेशी संबंध दुहेरी आहे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या १९८२ मधील पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. त्यातूनच पुढे 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. त्या काळात परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे पालकत्व मिळवून त्याला घेऊन जात आणि मायदेशी रीतसर दत्तक घेत. विरोधाभास असा की वसईतील वा कोल्हापुरातील ख्रिस्ती दांपत्याला हाच कायदा लागू होता, पण त्यांना पुढची पायरी उपलब्ध नव्हती. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता. त्यामुळे ओरेगॉनचे ख्रिस्ती जोडपे मुंबईतील मुलाचे कायदेशीर आईबाप होऊ शकत होते, वसईचे जोडपे केवळ पालक राहत होते आणि मूल सज्ञान झाले की तेही नाते कायद्याच्या दृष्टीने संपत होते. शतक बदलण्याच्या सुमारास केरळ आणि मुंबई उच्च न्यायालयांनी ख्रिस्ती दांपत्यांच्या बाजूने निकाल दिले. बालन्याय कायद्याने ही वाट सर्वधर्मीयांना खुली केली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आज चित्र पालटले आहे. 'कारा'च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये झालेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशातच झाले. भारतीय पालकांची प्रतीक्षायादी तीस हजारांच्या पुढे आहे. परदेशी जातात ती प्रामुख्याने मोठ्या वयाची किंवा विशेष काळजीची गरज असलेली मुले, ज्यांना येथील यादीतील पालक नाकारतात. परदेशी दत्तकाविरुद्ध बोलताना आपण हे वाक्य सोयीस्करपणे गाळतो. हृदयाला छिद्र असलेले मूल हवे, असे अर्जात लिहिणारे ते टी-शर्ट विकणारे कुटुंबच असते.

उलट दिशेच्या प्रवासाला भारतीय कायदा फारसा अनुकूल नाही. पुणे येथील एका दांपत्याने नात्यातील, अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला येथे दत्तक घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती नाकारली. परदेशी नागरिकत्वाचे मूल दत्तक घेणे हा भारतीयाचा मूलभूत हक्क नाही, त्यासाठी आधी त्या देशाचा कायदा पाळावा लागेल, असे न्यायालयाने म्हटले.

कागद अपुरे राहिले तर काय होते, याचेही उदाहरण मुंबईचेच आहे. येथून लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका महिलेला २००८ मध्ये, एका गुन्ह्यातील शिक्षेनंतर, भारतात परत धाडण्यात आले. तिचे नागरिकत्व कोणी पूर्णच केले नव्हते. पती आणि मुले तिकडे राहिली. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकी कायदा २००१ मध्ये अमलात आला, पण त्या वेळी अठरा पूर्ण केलेल्यांना त्याने वगळले.

चर्चमध्येही विचार बदलतो आहे, आणि तो बाहेरच्या टीकेमुळेच बदलतो आहे असे नाही. मोठी झालेली दत्तक मुले स्वतः बोलू लागली आहेत. मिशिगनमधील बेथनी ख्रिश्चन सर्व्हिसेस या मोठ्या संस्थेने २०२० मध्ये परदेशी दत्तकाचे काम आवरते घेण्याचे जाहीर केले आणि मुलांना त्यांच्याच देशात, शक्य तर त्यांच्याच घरात, वाढवण्याच्या कामाकडे लक्ष वळवले. २००४ मध्ये सुमारे २३ हजार परदेशी मुले अमेरिकी घरांत आली होती. २०२३ च्या आर्थिक वर्षात ती संख्या १,२७५ होती आणि त्यात चीनमधली अवघी सोळा.

राहता राहिली ती तीनशे घरे. नियम सर्वांना सारखा, हे चीनचे म्हणणे धोरण म्हणून समजण्यासारखे असले, तरी ज्या मुलांचे पालक आधीच ठरले होते आणि ज्यांना त्यांच्या देशात दुसरे कोणी मागितलेले नव्हते, त्यांच्या बाबतीत ते निष्ठुर आहे. निर्णय जाहीर झाल्यावर अमेरिकी परराष्ट्र खात्याने बीजिंगकडे लेखी खुलासा मागितला. अपवादात न बसणारे कोणतेही प्रलंबित प्रकरण पुढे जाणार नाही, असे चीनने अमेरिकी मुत्सद्द्यांना कळवले होते. २०१९ मध्ये ज्यांचे छायाचित्र पाच वर्षांचे असताना पाठवले गेले, ती मुले घोषणेच्या दिवशी दहा वर्षांची होती.