लाल चिखलाचे भाडे कोण भरणार?

घरातला कुकर, खिडकीची चौकट, गोळ्यांचे पाकीट, विजेच्या तारा… अ‍ॅल्युमिनियमशिवाय आपला दिवस जात नाही. जुने अ‍ॅल्युमिनियम भंगारवाला आनंदाने घेऊन जातो, कारण ते वितळवून पुन्हा वापरायला नव्या धातूच्या तुलनेत जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. पण हाच धातू खनिजातून पहिल्यांदा काढताना जो कचरा मागे राहतो, त्याला मात्र कुणी भंगारवाला नाही. त्याचे नाव ‘रेड मड’, म्हणजे लाल चिखल.

बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढण्याची पद्धत कार्ल बायर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८च्या सुमारास शोधली. आजही जवळपास सगळे जग तीच वापरते. दळलेले बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात तापवले की अ‍ॅल्युमिना विरघळतो आणि लोह, सिलिका, टायटॅनियम वगैरे गाळ खाली उरतो. एक टन अ‍ॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन चिखल, आणि एक टन धातूसाठी दोन टन अ‍ॅल्युमिना. म्हणजे खनिजापासून बनलेल्या एक किलोच्या कुकरमागे दोन-तीन किलो चिखल कुठल्या तरी तळ्यात साठलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यावरचे बॉक्साइट वर्षानुवर्षे बेळगावच्या कारखान्यात गेले. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही.

हा चिखल धोकादायक ठरतो तो त्यात उरलेल्या कॉस्टिक सोड्यामुळे. त्याचा सामू १० ते १३ असतो. अंगावर पडला तर कातडी भाजते, वाळला तर धूळ डोळ्यांत आणि श्वासात जाते, झिरपला तर विहिरींचे पाणी बिघडते. हंगेरीतील अयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशाच तळ्याचा बांध फुटला. लाखो घनमीटर चिखल गावांत शिरला, दहा माणसे गेली, अनेक जण भाजले, मार्कल नदीतले जीवन संपले. कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली आणि सफाईचा, घरबांधणीचा मोठा भार सरकारी तिजोरीवर आला. आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये झारखंडमधील मुरी येथे तळ्याचा बांध खचला, तेव्हा या धोक्याची पुन्हा आठवण झाली.

मग या चिखलाचा पुनर्वापर का होत नाही? प्रयोगशाळांत उपायांची कमतरता नाही. नागपूरच्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्रासह अनेक संस्था त्यावर काम करतात. तरीही जगभरात दरवर्षी तयार होणाऱ्या चिखलापैकी फार थोडा वापरात येतो. घोडे अडते ते हिशेबात. चिखलात लोह भरपूर आहे. पण चांगले लोहखनिज खाणीतून स्वस्तात मिळत असताना ओल्या, सोडायुक्त चिखलातून ते काढणार कोण?

स्कँडियमसारख्या दुर्मीळ धातूची गोष्ट अधिक मोहात पाडणारी आहे. त्याची किंमत मोठी, म्हणून ‘चिखलातून सोने’ अशा बातम्या येतात. साधे गणित करा. टनामागे ५० ग्रॅम स्कँडियम धरले, तरी दहा लाख टन चिखलातून ५० टन निघेल. जगाची वर्षाची मागणीच काही दहा टनांची आहे. सगळ्यांनी ते काढायला घेतले तर भाव कोसळेल. शिवाय ५० ग्रॅम काढल्यावर उरलेला जवळजवळ एक टन चिखल जागच्या जागीच राहील.

प्रचंड प्रमाणात खपेल असा मार्ग सध्या प्रामुख्याने सिमेंटचा आहे. क्लिंकर बनवताना लागणारे लोह आणि अ‍ॅल्युमिना लॅटराइट खणून मिळवण्याऐवजी या चिखलातून घेता येतात. हिंडाल्कोने २०२० मध्ये अल्ट्राटेक सिमेंटला वर्षाला १२ लाख टन लाल चिखल देण्याचा करार जाहीर केला, तो याच कारणाने. मात्र या दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहातल्या आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. इतरांसाठी गाडी अडते ती भाड्यावर. कारखाने ओडिशाच्या डोंगराळ भागात, सिमेंटच्या भट्ट्या दूर. आणि चिखल ओला असेल तर आपण पाण्याचेही भाडे भरतो. मालापेक्षा वाहतूक महाग, असा हा सौदा आहे.

असेच चित्र कधीकाळी औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचे होते. १९९६-९७ मध्ये देशातली जेमतेम १० टक्के राख वापरली जात होती. आता हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले आहे. राख अचानक मौल्यवान झाली नाही. १९९९ पासून केंद्राने अधिसूचना काढून वापराची उद्दिष्टे ठरवली, वीटभट्ट्या-सिमेंटवाल्यांना राख वापरणे भाग पाडले आणि पुढे वाहतुकीच्या खर्चाचा वाटाही वीजकेंद्रांवर टाकला. बाजार नियमांनी घडवला.

लाल चिखलाला मात्र २०१६च्या घातक कचरा नियमांत ‘प्रमाण मोठे, परिणाम कमी’ अशा गटात टाकून घातक कचऱ्याच्या व्याख्येतून वगळले आहे. त्याच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. राखेसारखी सक्ती हवी. चिखल दाबयंत्रातून पिळून कोरडा करणे बंधनकारक करावे, म्हणजे तळ्याचा धोकाही घटेल आणि भाडेही. साठवलेल्या प्रत्येक टनावर शुल्क घ्यावे आणि त्यातून ठरावीक अंतरापर्यंतच्या वाहतुकीला मदत द्यावी. त्याचबरोबर घरांच्या विटांसाठी तो वापरण्यापूर्वी सोडा, जड धातू आणि किरणोत्साराची तपासणी झालीच पाहिजे. बॉक्साइटमधले थोरियम चिखलात एकवटते.

यामुळे अ‍ॅल्युमिनियम थोडे महागेल, असा आक्षेप येईल. येऊ द्या. आज ते स्वस्त वाटते, कारण तळ्याच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे आपल्या विहिरी आणि शेते पणाला लावून त्यातला फरक भरत आहेत. तो खर्च त्यांच्या माथ्यावरून काढून कुकरच्या किमतीत आणला, तरच चिखलाचा पुनर्वापर परवडू लागेल.