वेड्या बाभळीची खोड



वेडी बाभूळ म्हणजे दुष्काळी मराठवाड्याची फुकटची सावली, अशा आशयाचे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखक त्या सावलीत कधी बसले आहेत का? आधी काटे वेचावे लागतात. आणि बैल बांधावा म्हटले, तर खाली गवताची काडी नसते.

हे झाड मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. १८७७मध्ये त्याचे बी आणून कडप्प्याला लावले. जोधपूर संस्थानाने १९४०मध्ये त्याला राजवृक्षाचा मान दिला. पुढे रणाचा खार थोपवायला गुजरातच्या वनखात्याने ते कच्छच्या बन्नीत लावले आणि तिथले नावाजलेले गवताळ रान त्याने गिळले. दसऱ्याला आपण पुजतो ती शमी हिचीच सोयरी, पण गुण एका घरचे नाहीत.

आमचा माहूर तालुका सागाचा, मोहाचा, तेंदूचा. इथे वाळवंटाच्या झाडाचे काम काय? तरी गायरानात, नाल्याकाठी, तलावाच्या पाळूवर ते येतेच. आणतात आमचीच जनावरे. उन्हाळ्यात शेळ्या पिवळ्या गोड शेंगा खातात, बी मात्र पचत नाही. गेल्या मृगात गोठ्यामागच्या उकिरड्यावर मी लेंड्यांतून फुटलेले कोंब उपटले; एका पाटीभर खतात सतरा निघाले. ते खत कापसात जाणार होते.

आमच्या तलावाची पाळू तीन वर्षांपूर्वी कागदोपत्री 'साफ' झाली. ठेकेदाराने कोळशाला लाकूड नेले, बुडखे जागेवर ठेवले. परवा एका बुडख्याला नऊ फोक मोजले, पुरुषभर उंचीचे. बिल निघाले ते एका झाडाच्या तोडीचे. उभी राहिली नऊ.

म्हणून मागणी एवढीच, की तोडीचा ठेका बंद करा. जमिनीखालच्या गड्ड्यासकट बुडखा खणण्याचे काम रोजगार हमीत धरा, आणि पुढचे दोन पावसाळे कोंब उपटायची मजुरीही त्यातच लावा. पाळूवर खणाल तिथे माती भरून धुमस करा, नाहीतर तलावच फुटायचा.

भूमिहीन बायांची चूल याच लाकडावर पेटते, हे पत्रलेखकांचे म्हणणे मात्र खरे आहे. मग निघालेले सरपण ठेकेदाराच्या ट्रकमध्ये कशाला? ते त्यांच्याच दारात टाका, आणि गायरानात देशी बाभूळ, बोर, लिंब लावा. शेंगा वैशाखात पिकतात. कुदळ त्याआधी पडायला हवी.

— एक शेतकरी, माहूर (जि. नांदेड)