वेदीवरची भाकर, शेजारची भूक

कॅथलिक उपासनेचा गाभा म्हणजे मिस्सा. वसई-पालघरच्या चर्चमध्ये रविवारी धर्मगुरू गव्हाची, बिनखमिराची पातळ गोल भाकर दोन्ही हातांनी उंच धरतात, घंटा वाजते, मंडळी गुडघे टेकून असतात. घासभरही नसलेल्या या भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. रंग, रूप, चव भाकरीचीच राहते, तत्त्व मात्र ख्रिस्ताचे होते, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली ठामपणे मांडले.

विधीचे मूळ त्याहून फार जुने. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला आणि आपल्या स्मरणार्थ हे करत राहायला सांगितले. या प्रसंगाची सर्वांत जुनी लेखी नोंद संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, म्हणजे इ. स. ५४ च्या सुमाराची आहे. ती आली मात्र एका तक्रारीपोटी. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधीच खाऊनपिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना खडसावतो आणि त्याच ओघात प्रभूच्या भोजनाची आठवण करून देतो.

पुढे शंभरेक वर्षांनी संत जस्टिन यांनी रोममध्ये रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस, हा क्रम आजच्या मिस्सेतही ओळखू येतो. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरी पोचवला जाई. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांची सोय होई.

भाकर-द्राक्षारसाच्या याच संस्काराच्या गौरवासाठी १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पोप सहावे पॉल तिला आले. शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीला द्यावा, असे आवाहन त्यांनी मुंबईतूनच केले.

त्याच मुंबईच्या उत्तरेला जव्हार तालुका आहे. तिथल्या वावर-वांगणी गावांत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र हादरला होता. याच तालुक्यातल्या जामसर गावाच्या परिसरात नागली, वरई आणि भात पिकतो. पण पावसावरची शेती वर्षभर पुरत नाही. कापणी उरकली की जव्हार-मोखाड्याची अनेक कुटुंबे पोराबाळांसह वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात. वसईच्या भाविकाचे ते शेजारीच होतात.

त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. भट्टीवरच्या मजुराला पुरी मजुरी, त्याच्या लेकराला अंगणवाडीचा आहार आणि शाळा मिळते का, याची चौकशी करणे ही मिस्सेला जोडलेली वेगळी समाजसेवा नव्हे. शेजारी उपाशी असताना घेतलेले भोजन प्रभूचे ठरत नाही, असे पौलाचे म्हणणे होते. वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतःला लागू करून घ्यायला हवे.