कशेळीचा आदित्य, वडाळ्याचा पाट

वडाळ्याच्या मिठागरांत एके काळी सगळा कारभार सूर्याचाच. ऊन तापलं तरच मीठ धरायचं. आता पूर्वेला इमारतींची रांग आहे, तरी रथसप्तमीला इथली कोकणी घरं तिरीप शोधून पाट मांडतात. त्यावर रक्तचंदनाने रेखलेला सात घोड्यांचा रथ आणि पुढे बोळक्यात उतू घालायचं दूध. अंगण गेलं, गोवरी गेली, पण तोंड पूर्वेलाच हवं हा आग्रह टिकला, याचं मला फार कौतुक वाटतं. राजापूरकडच्या माणसाचा जीव मात्र त्या दिवशी कशेळीत असतो. तिथे कनकादित्याचा उत्सव पाच दिवस चालतो आणि कालिकावाडीहून कालिकादेवीची स्वारी देवाच्या भेटीला येते. महाराष्ट्रात सूर्याची देवळं मोजकीच, त्यांतलं हे नांदतं. शिलाहार राजा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट या गावाचा आहे. सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथंच अडलं, मूर्ती किनाऱ्याच्या गुहेत ठेवली गेली आणि कनका नावाच्या भक्त स्त्रीने ती गावात आणून स्थापली, अशी कथा सांगतात. दर्याकाठच्या गावाने आपला देव दर्यातूनच आला असं मानावं, हे मला अगदी पटतं. मुंबईतल्या मुलांना रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस एवढंच ठाऊक असतं. त्यांना एकदा उत्सवात न्या, आणि देवळातून परस्पर परतू नका. ती गुहा, गावकऱ्यांची देवघळी, आवर्जून दाखवा.